टोर पत्ता कसा लपवतं, आणि तुमच्या इंटरनेटवाल्याला तरीही काय दिसतं

प्रश्न विचारणारा भाऊ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कृषी केंद्रात कामाला आहे. गाव सांगितलं नाही, फार बरं केलं. दुकानातून बिनपावतीचं चोर बीटी, म्हणजे मान्यता नसलेलं कापसाचं बियाणं जातं, त्याच्याजवळ पाकिटांचे फोटो आहेत, आणि मालकाच्या कानावर न जाता ही गोष्ट योग्य ठिकाणी पोचवायची आहे. कुणीतरी त्याला टोर ब्राउझर, म्हणजे आपला इंटरनेटवरचा पत्ता लपवणारा ब्राउझर, वापर म्हणून सांगितलं. त्याच्या शंका तीन: टोरवरून गेलं तर समोरच्या वेबसाइटला आपला पत्ता खरंच कळत नाही का? कळत नसेल तर तिचं उत्तर आपल्यापर्यंत येतं कसं? आणि मोबाइलमध्ये इन्कॉग्निटो आहे, फुकटचं व्हीपीएन आहे, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला?

मी तालुक्याच्या गावात इंटरनेट पुरवतो. सुरुवात नेट कॅफेपासून झाली, मग पाण्याच्या टाकीवर डिश बांधून वायरलेस दिलं, आता फायबर. चारशेच्या आसपास घरं आणि दुकानं जोडलेली आहेत. अर्धा दिवस जेसीबीने तोडलेली वायर जोडण्यात जातो, उरलेला अर्धा वानरांनी झोके घेऊन तोडलेली. त्यामुळे टोरबद्दल मी जरा उलट्या बाजूने बोलणार आहे. तुमच्या घरातून निघालेलं डेटाचं प्रत्येक पाकीट आधी माझ्या वायरीतून जातं, तेव्हा मला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मी ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकतो.

आधी पत्ता लपवणं मुळात अवघड का, ते. टपालाच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहिलं नाही तरी पत्र पोचतं. कारण पत्राला उत्तर लागतंच असं नाही. इंटरनेटवर तसं चालत नाही. वेबपेज मागायचं म्हणजे उत्तर मागायचं, आणि उत्तर यायला परतीचा पत्ता हवा. तो खोटा लिहिला तर पान त्या खोट्या पत्त्यावर जाईल, तुम्ही बसाल वाट पाहत. खरं तर तिथवरही गोष्ट जात नाही. वेबसाइटशी बोलणं सुरू होण्याआधी तीन पायऱ्यांची ओळख होते: तुम्ही राम राम म्हणता, ती राम राम म्हणते, तुम्ही ‘ऐकलं, बोला’ म्हणता. खोट्या पत्त्याचा माणूस दुसऱ्या पायरीवरच गळतो, कारण तिचा राम राम त्याच्यापर्यंत आलेलाच नसतो.

म्हणून एकच वाट उरते. आपल्या वतीने दुसऱ्या कुणीतरी मागायचं आणि उत्तर आणून द्यायचं. पुढची सगळी गोष्ट त्या ‘दुसऱ्या कुणाची’ आहे. तो कोण, त्याला काय माहीत, आणि तो कुणापुढे तोंड उघडेल.

आता काही लोक मला सांगतात, ‘माझं लोकेशन तर नागपूर दाखवते, कधी मुंबई दाखवते, मंग मी लपलेलोच ना बाप्पा!’ नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात मिळून चारशे एकोणतीस कोटींच्या आसपास, ते केव्हाच पुरेनासे झाले. म्हणून माझ्यासारखा पुरवठादार एका सार्वजनिक पत्त्याआड तीस-चाळीस घरं बसवतो. वेबसाइटला तो सामाईक पत्ता दिसतो, आणि त्याची नोंद नकाशावर बहुधा एखाद्या मोठ्या शहराच्या नावाने असते. पण कोणत्या मिनिटाला, कोणत्या पोर्ट नंबरावर (एकाच पत्त्याआडच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा) कोणतं घर होतं, याची वही माझ्याकडे असते. परवान्याच्या अटीनुसार ती दोन वर्षं जपावी लागते. पोलिसांचं रीतसर पत्र आलं, त्यात पत्ता, वेळ आणि पोर्ट असेल, तर घर शोधायला मला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. अशी पत्रं मी हाताळली आहेत. खोट्या प्रोफाइलचीच जास्त. पोट्टे बिनधास्त असतात, आणि मग बापाला घेऊन माझ्या दुकानात येतात.

इन्कॉग्निटोचं एका वाक्यात: तो तुमच्या मोबाइलमधला इतिहास घरच्यांपासून लपवतो, बाहेरच्या कुणापासूनही नाही.

व्हीपीएन मात्र खरोखर पत्ता बदलतं. तुमच्या मोबाइलपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंत कुलूपबंद बोगदा, पुढे त्यांच्या पत्त्याने वेबसाइटकडे. मला फक्त बोगदा दिसतो, वेबसाइटला फक्त व्हीपीएनचा सर्व्हर. पण मधल्या त्या एका माणसाला दोन्ही टोकं माहीत असतात, कोण आलं हेही आणि कुठे गेलं हेही. म्हणजे जी वही माझ्याकडे होती ती त्याच्याकडे गेली, एवढाच बदल. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षेच्या यंत्रणेने, निर्देश काढले, त्यात व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांचं नाव, पत्ता, संपर्क वगैरे पाच वर्षं ठेवायचं असं आलं. तेव्हा काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. आणि फुकटचं व्हीपीएन? सर्व्हरचं भाडं कुणीतरी भरतंच ना. तुम्ही पैसे देत नसाल तर तो ते कशातून काढतो, हे स्वतःलाच विचारा.

टोरने नेमकी हीच अडचण पकडली. मधला माणूस एकच असेल तर तो सगळं जाणतो, मग मधे तीन माणसं ठेवा आणि कुणा एकालाच दोन्ही टोकं कळणार नाहीत अशी मांडणी करा.

आपल्याकडे शिकायला गेलेल्या पोराला एसटीने डबा पाठवायची रीत आहे. ड्रायव्हरच्या हाती पिशवी द्यायची, पुढच्या स्टँडवर कुणीतरी उतरवून घ्यायची. समजा घाटंजीहून नागपूरला एक चिठ्ठी पाठवायची आहे, पण नागपूरच्या माणसाला ती घाटंजीची आहे हे कळू द्यायचं नाही. तर चिठ्ठी एका पिशवीत घालायची, ती दुसऱ्या पिशवीत, ती तिसऱ्या. तिन्हींना वेगवेगळी कुलपं. सगळ्यात बाहेरची पिशवी यवतमाळ स्टँडवरच्या एका माणसाच्या नावे. तो आपल्या किल्लीने ती उघडतो, आत दुसरी पिशवी निघते, तिच्यावर लिहिलेलं: वर्ध्याला अमक्याकडे द्या. वर्धेवाला आपली उघडतो, आत तिसरी: बुटीबोरीला तमक्याकडे. बुटीबोरीवाला शेवटचं कुलूप काढतो, चिठ्ठी हाती येते, आणि तो ती नागपूरला नेऊन देतो.

आता कुणाला काय कळलं ते पाहा. यवतमाळवाल्याला घाटंजी माहीत आहे आणि वर्धा माहीत आहे. नागपूर हे नाव त्याच्या कानावरही गेलं नाही. बुटीबोरीवाल्याला नागपूर माहीत आहे, पण पिशवी वर्ध्याहून आली एवढंच. घाटंजी त्याच्या हिशोबात नाही. वर्धेवाला तर बिचारा दोन्हींतलं काहीच जाणत नाही. आणि नागपूरवाला शपथेवर सांगेल की चिठ्ठी बुटीबोरीची आहे.

टोरमध्ये या तिघांना रिले म्हणतात. पहिला गार्ड, मग मधला, शेवटचा एक्झिट. जगभरात असे हजारो रिले स्वयंसेवकांनी आणि संस्थांनी चालवलेले आहेत, जर्मनीत खूप. त्यामुळे तुम्ही पांढरकवड्याच्या घरात बसून साइट उघडता आणि साइट तुम्हाला जर्मन भाषेत नमस्कार करते, असं होतं. चालू रिलेंची यादी दर तासाला नवी निघते. मोजक्या विश्वासातल्या यंत्रणा आपापसात मतदान करून ती ठरवतात, म्हणजे एकाच यंत्रणेने खोटी यादी देऊन तुम्हाला चकवू नये. आणि तीन रिले निवडताना तुमचा टोर एकाच चालकाने ‘हे माझे’ म्हणून जाहीर केलेले, किंवा पत्त्यांच्या एकाच मोठ्या पट्ट्यातले दोन रिले घेत नाही. एका घरचे दोन साक्षीदार नकोत, तसंच.

दुसरी शंका होती उत्तराची. इथे पिशवीचं उदाहरण जरा ताणावं लागतं. टोर चिठ्ठी सुटी पाठवत नाही, आधी रस्ता बांधतो. पहिल्या रिलेशी बोलून एक गुप्त किल्ली ठरवतो. मग त्या पहिल्याच्याच मार्फत, पण त्याला आतलं कळू न देता, दुसऱ्याशी किल्ली ठरवतो. मग त्या दोघांच्या मार्फत तिसऱ्याशी. सगळ्यांच्या देखत बोलूनही फक्त दोघांनाच कळेल अशी किल्ली ठरवायची युक्ती डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये छापली. आज इंटरनेटवरचा बराच व्यवहार तिच्यावर किंवा तिच्या पुढच्या रूपांवर चालतो. तुमच्याकडे शेवटी तिन्ही किल्ल्या असतात, प्रत्येक रिलेकडे आपली एकच. रस्ता मोडला की त्या टाकून दिल्या जातात. उद्या कुणी रिलेचं मशीन उचलून नेलं तरी कालच्या पिशव्या उघडत नाहीत.

रस्ता उभा असेपर्यंत प्रत्येक रिले एवढंच लक्षात ठेवतो: या क्रमांकाचं पाकीट त्या बाजूने येतं, या बाजूला जातं. वेबसाइटचं उत्तर एक्झिटकडे येतं. तो त्यावर आपलं कुलूप घालून मधल्याकडे देतो, मधला त्यावर आपलं, गार्ड त्यावर आपलं. तुमच्या मशीनवर तीन कुलपांचं पाकीट येतं आणि तिन्ही किल्ल्या फक्त तुमच्याकडे. जाताना थर उतरतात, येताना चढतात. कांद्याचं नाव त्यावरूनच पडलं, टोर हे इंग्रजीतल्या ‘कांदा-मार्ग’ अशा नावाचं आद्याक्षरी रूप.

एक बारीक गोष्ट मला नेहमी आवडते. जिनिंगमधून निघणारी रुईची गाठ जशी १७० किलोची, मग ती कुणाच्याही वावरातल्या पऱ्हाटीची असो, तशी टोरमधली पाकिटं एकाच मापाची असतात. मुळात ५१२ बाइट, हल्ली दोन बाइट जास्त. तुम्ही एक ओळ पाठवा की मोठा फोटो, सगळं त्याच मापात कापून. आणि प्रत्येक रिलेमधून जाताना एक थर उतरत असल्याने आत गेलेलं पाकीट आणि बाहेर आलेलं पाकीट बाइटनुसार जुळत नाही. रिलेच्या दाराशी बसून ‘हेच ते’ असं नुसतं पाकिटाच्या तोंडाकडे पाहून म्हणता येत नाही.

ही कल्पना आली कुठून हे सांगायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या इतिहासात आहे. मधल्या माणसांमार्फत थरांमध्ये टपाल पाठवायचा विचार डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये मांडला. त्यांच्या पद्धतीत मधला माणूस बरीच पत्रं साठवून, खेळातले पत्ते पिसावेत तशी पिसून, उलटसुलट क्रमाने पुढे पाठवायचा. ईमेलला ठीक, पण पान उघडायला कुणी तासभर थांबत नाही. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे लगेच चालणाऱ्या जोडणीसाठी बसवलं. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्यासोबत त्याचं आजचं रूप झालं, २००२ मध्ये जाळं सुरू झालं, आणि २००६ पासून ते एका ना-नफा संस्थेकडे आहे.

नौदलाने आपलं हत्यार सगळ्यांना का वाटलं? उत्तर सोपं आहे. हे जाळं फक्त नौदलाने वापरलं असतं तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. नाव लपवायचं तर गर्दी लागते, आणि गर्दीही सगळ्या जातीची लागते: पत्रकार, विद्यार्थी, पोलिस, चोर, नुसतेच जाहिरातींना कंटाळलेले लोक. कुलपं कितीही भारी असोत, जत्रेत माणूस हरवतो. पारावर हरवत नाही.

आणि आपण, भाऊ, पारावर आहोत.

तुम्ही टोर सुरू केलं की माझ्या बाजूला काय दिसतं ते ऐका. तुम्ही कोणती साइट उघडली, काय लिहिलं, कोणता फोटो चढवला, यातलं मला काहीच दिसत नाही. साइटच्या नावाची चौकशीही तुमच्या वतीने एक्झिट करतो, म्हणून ते नावसुद्धा माझ्या वायरीवर येत नाही. पण गार्डचा पत्ता दिसतो. आणि रिलेंची यादी जाहीर असते, कुणीही उतरवून घ्यावी. तेव्हा अमक्या घराने रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी टोर सुरू केलं, पंचवीस मिनिटं चालवलं, साधारण इतका डेटा गेला, एवढं मी वहीवरून सांगू शकतो. मुंबईत अशा वेळी हजार लोक टोरवर असतील. माझ्या चारशे कनेक्शनांत त्या रात्री तुम्ही एकटेच असाल. आणि त्याच रात्री पावणेदहाला कुठेतरी ‘घाटंजी भागात चोर बीटी’ अशी निनावी पोस्ट पडली, तर टोरचं एकही कुलूप न तोडता दोन आणि दोन चार होतात.

हे मी कल्पनेने सांगत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टाळायला एका विद्यार्थ्याने बॉम्बची खोटी धमकी मेलने दिली. टोर वापरलं, वर तात्पुरत्या मेलची सेवा वापरली. मेल टोरच्या एक्झिटवरून आला एवढं तपास करणाऱ्यांना कळलं. मग त्यांनी उलट प्रश्न विचारला: त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टोरला कोण जोडलं होतं? तो पठ्ठ्या विद्यापीठाच्याच वायफायवर होता. बोलावलं, विचारलं, कबूल झाला. टोरने त्याचं काम चोख केलं होतं. गर्दी नव्हती, एवढंच.

म्हणून दुकानाच्या वायफायवरून हे करायचा विचार असेल तर तो सोडा. तिथला राउटर मालकाचा, कॉम्प्युटर मालकाचा. कॉम्प्युटरवर कोणता प्रोग्राम उतरवला हे पाहायला कुणी इंजिनिअर लागत नाही. टोर वायरीवर लपवतं. ज्या मशीनवर तुम्ही टाइप करता ते मशीनच दुसऱ्याचं असेल तर त्याच्या हातात काही नाही.

टोर आहे हेच माझ्यासारख्यापासून लपवायची सोय आहे. तिला ब्रिज म्हणतात: जाहीर यादीत नसलेले पहिले रिले. त्यातला स्नोफ्लेक नावाचा प्रकार तर जगभरच्या सामान्य लोकांच्या ब्राउझरमधून तुमचं पाकीट नेतो, आणि वायरीवर ते व्हिडिओ कॉलसारखं दिसतं. टोर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये दोन बोटांचं काम आहे. माझ्याकडची साधी यंत्रणा ते ओळखणार नाही. ज्यांच्याकडे ओळखायचाच धंदा आहे त्यांचं मी सांगत नाही.

गार्डबद्दल आणखी एक. लोकांना वाटतं, तिन्ही रिले सारखे बदलत राहिले म्हणजे जास्त सुरक्षित. रस्ता बदलतोच, नव्या कामाला साधारण दहा मिनिटांनी नवा. पण गार्ड मुद्दाम महिनोन्‌महिने तोच ठेवतात. कारण टोरची खरी दुखरी जागा ही आहे: घाटंजीला पिशवी चढताना आणि नागपूरला चिठ्ठी उतरताना अशा दोन्ही टोकांवर एकाच माणसाची नजर असेल, तर त्याला कुलपं उघडायची गरजच नाही. वेळ जुळवली, किती आलं किती गेलं हे जुळवलं, की झालं. चॉम यांच्यासारखं थांबवून, पिसून पाठवलं असतं तर हे अवघड गेलं असतं, पण टोरने वेगासाठी ती गोष्ट सोडली. आता गार्ड रोज नवा निवडला तर आज ना उद्या वाईट माणसाचा गार्ड आणि वाईट माणसाचाच एक्झिट अशी जोडी तुमच्या नशिबी येणारच. गार्ड एकच ठेवला तर तो चांगला निघाला की बराच काळ निभावतं.

एक्झिटचं प्रकरण वेगळं. शेवटचं कुलूप तोच काढतो. साइटला स्वतःचं एचटीटीपीएसचं कुलूप असेल तर एक्झिटला ते उघडता येत नाही, कुठे जायचं एवढंच कळतं. ते नसेल तर चिठ्ठी त्याच्या हातात उघडी. २००७ मध्ये स्वीडनच्या डॅन एगरस्टॅड यांनी स्वतः काही एक्झिट चालवले आणि त्यांतून जाणारं उघडं टपाल पाहिलं, तेव्हा अनेक देशांच्या दूतावासांचे मेलचे पासवर्ड त्यांच्या हाती आले. त्यांत भारतीय दूतावासांची खातीही होती. त्या मंडळींना वाटलं होतं की टोर म्हणजे सगळंच झाकलं. टोर ‘कोण’ झाकतं, ‘काय’ झाकायचं काम साइटच्या कुलपाचं. हल्ली बहुतेक साइटना ते असतं, आणि टोर ब्राउझर नसेल तिथे इशारा देतो. तो इशारा वाचायचा असतो, नुसतं ओके दाबायचं नसतं.

एक्झिटचे पत्ते जाहीर असल्याने साइटलाही कळतं की समोरचा टोरवरून आलाय. कोण ते कळत नाही, कुठून ते कळत नाही, पण टोर हे कळतं. त्यामुळे कुठे कोडी सोडवा म्हणतात, ट्रॅफिक सिग्नल ओळखा, बस ओळखा. कुठे सरळ दार लावतात. आपली सरकारी पोर्टलं परदेशातल्या पत्त्याला अनेकदा उघडतच नाहीत, उघडलं तरी पुढे मोबाइल नंबर आणि ओटीपी. ओटीपी आला की तीन रिलेंची सगळी मेहनत पाण्यात, कारण नंबर आधार दाखवून घेतलेला असतो.

बहुतेक लोकांची गाडी इथेच घसरते. वायरीवरचा पत्ता लपतो आणि माणूस दुसऱ्या दारातून स्वतःच नाव सांगतो. टोरमध्ये बसून रोजचं जीमेल उघडलं, संपलं. टोर ब्राउझर स्वतःकडून बराच आटापिटा करतो: सगळ्या वापरणाऱ्यांचा ब्राउझर एकसारखा दिसावा, शाळेच्या गणवेशासारखा. खिडकीचं मापसुद्धा ठरावीक टप्प्यांत ठेवतो, पानाभोवती करड्या पट्ट्या दिसतात त्या त्यासाठीच. म्हणून त्यात जास्तीची ॲडऑन टाकू नका, गणवेशावर लाल रुमाल बांधल्यासारखं होतं. एका साइटची कुकी दुसऱ्या साइटला दिसू देत नाही, बंद केल्यावर सगळं पुसतो. पण तुम्ही चढवलेल्या फाइलच्या पोटात काय आहे, ते तो काढत नाही.

तुमच्या बाबतीत मला टोरपेक्षा त्या फोटोंची जास्त काळजी वाटते. मोबाइलच्या फोटोत मोबाइलचं मॉडेल, वेळ, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. ती काढून टाका. मग डोळ्यांनी पाहा: मागे दुकानाचं काउंटर दिसतं का, वजनकाटा, भिंतीवरचं कॅलेंडर, काचेत तुमचं प्रतिबिंब? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या पाकिटांचा तो गठ्ठा त्या दिवशी गोदामात कुणाकुणाच्या हाताला लागला होता? तिघांच्या असेल तर तुम्ही तिघांच्या गर्दीत लपताय. तुम्ही आणि मालक दोघेच असाल, तर जगातलं कोणतंही जाळं तुम्हाला वाचवत नाही. मजकूरही तसाच. प्रत्येकाची लिहायची ढब असते. ‘पाह्यलं’ लिहिणारा कोण आणि ‘बघितलं’ लिहिणारा कोण, हे चार वर्षं एकत्र काम करणारा माणूस एका परिच्छेदात ओळखतो.

टोर वापरणं आपल्याकडे स्वतःहून गुन्हा नाही, हेही एकदा सांगून टाकतो, कारण दर वेळी कुणीतरी घाबरून विचारतं. त्यावरून काय करता, त्याचा कायदा बाहेरच्यासारखाच लागू.

मग तुम्ही काय करावं? मला विचाराल तर दोन वेगळी कामं वेगळी ठेवा. कृषी विभागाला कळवायचं असेल तर तुम्हाला उत्तर नको आहे. त्यांनी येऊन नमुना घ्यावा एवढंच हवं आहे. नमुना त्यांचा निरीक्षक घेतो, प्रयोगशाळा तपासते, त्यात तक्रार करणाऱ्याचं नाव लागत नाही. अशा कामाला टोरहून साधं टपाल बरं. वर म्हटलं तसं, उत्तर नको असलेल्या पत्राला परतीचा पत्ता लागत नाही. टाइप करून, दुकान कोणतं, माल कुठे ठेवतात, कोणत्या वेळी असतो, एवढंच मुद्द्याचं. फोटो नकोत, तुमच्या एकट्याच्या डोळ्यांना दिसेल असा तपशील नको. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तालुक्यातलं कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, म्हणून जिल्ह्याच्या भरारी पथकाकडे पाठवा. पाकिटावर टपालाचा शिक्का पडतो, तो तुमचा एक्झिट समजा: गावच्या पोस्टात टाकू नका, वर्ध्याला किंवा नागपूरला दुसऱ्या कामाने जाल तेव्हा टाका. आणि हंगामाच्या आधी, मे महिन्यात. जूनमध्ये मृग लागून पेरणी झाल्यावर पथक येऊन काय रिकामी पोती मोजणार?

एखाद्या पत्रकाराशी बोलायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे उत्तर हवं, प्रश्नोत्तरं हवीत. तिथे टोर कामाचं. टोर ब्राउझर टोर प्रकल्पाच्या मूळ साइटवरूनच उतरवा. अँड्रॉइडवर चालतो, पण जुना लॅपटॉप मिळाला तर बरा. ब्रिज लावा. नवीन मेल खातं टोरमध्येच उघडा, टोरमध्येच वापरा, एकदाही बाहेरून नाही, चुकूनही नाही. मोबाइल नंबर मागणारी मेल सेवा घेऊ नका. परदेशातल्या काही वृत्तसंस्थांचे टोरच्या आतलेच पत्ते असतात, छप्पन्न अक्षरांचे, शेवटी ‘डॉट अनियन’. तिथे एक्झिट लागतच नाही, दोन्ही बाजू आपापले तीन रिले घेऊन मधे भेटतात. पण चोर बीटीत त्यांना किती रस असेल, तुम्हीच ठरवा. रात्री लिहून ठेवा, लगेच पाठवू नका, दुसऱ्या कुठल्यातरी वेळी पाठवा. टोर आधीचे दोन-तीन आठवडे रोज थोडा वेळ चालू ठेवा, बातम्या वाचा, क्रिकेट पाहा. म्हणजे माझ्या वहीत त्या एका रात्रीची नोंद वेगळी उठून दिसणार नाही. हळू चालेल. पाकीट तीन देश फिरून येतं, आणि त्यात आपल्याकडची लाइट.

शक्य असेल तर हे माझ्या वायरीवरून करूच नका. आणि तुमच्या घरचं कनेक्शन माझ्याकडचंच असेल, तर पत्र कोणत्या दिवशी टाकलं किंवा टोर कधी लावलं, हे दुकानात येऊन मला सांगू नका. मला कुणी लेखी विचारलं तर वही दाखवावी लागेल. जे वहीत नाही आणि मला माहीतही नाही, ते मी दाखवू शकत नाही.